कॉलनीत हॅलोविन करताय? आधी शेजाऱ्यांना विचारा, मग मुखवटे घाला

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, आता जवळपास सगळीकडच्या नव्या कॉलन्यांत ३१ ऑक्टोबरला लेकरं भुतं बनून फिरायला लागलीत. शाळेत होतं, रीलमध्ये दिसतं, मग घरी येऊन पोरं मागे लागतात की आपण पण करू. हे आपलं की परकं या वादात मला पडायचंच नाही, ज्यांना नको त्यांनी नका करू, ज्यांना करायचंय त्यांनी नीट करा. आणि नीट म्हणजे काय तेच सांगायला हे लिहितेय, कारण कॉस्च्युम कुठून आणायचा याची चर्चा महिनाभर चालते पण शेजारच्या आजींना सांगितलं का हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. घाबरायची मजा त्यालाच येते ज्याने आधी हो म्हटलेलं असतं. बाकीच्यांना नुसता त्रास होतो, आणि कधीकधी त्यातून खरंच काहीतरी वाईट घडतं. खाली जे सांगतेय ते बहुतेक सगळं या एका गोष्टीवरूनच आहे.

तिकडे हा सण कसा चालतो ते आधी बघा. १ नोव्हेंबर हा ख्रिश्चन लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याच्या आदल्या संध्याकाळी हॅलोविन. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, १९ व्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्यासोबत गेलं. आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, अमेरिकेत भोपळा मोठा मिळाला आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत त्या संध्याकाळी लेकरं घरोघरी खाऊ मागत फिरतात आणि एक साधा नियम बहुतेक सगळे पाळतात, ज्या घराचा बाहेरचा लाईट चालू त्या घरी जायचं, लाईट बंद असेल तर त्या घराला नकोय असं समजायचं आणि पुढे जायचं, बेल वाजवायची नाही. आपण मुखवटे आणले, भोपळे आणले, झाडू आणला, हा नियम तेवढा आणायचा राहिला.

आता तो जसाच्या तसा आपल्याकडे चालणार नाही, कारण गेटचा लाईट आपण रोजच चालू ठेवतो, आणि दिवाळी जवळ आली असली तर विचारायलाच नको, २०२४ ला तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, सगळ्या घरांना माळा आणि आकाशकंदील लागलेले. म्हणून वेगळी खूण ठरवा. नारिंगी रिबिन सगळ्यात सोपी, कापडाच्या दुकानात मीटरवर मिळते, गेटला बांधली की लांबून दिसते. जिथे रिबिन आहे तिथेच जायचं.

आणि हे आपल्या लोकांना काही नवीन नाही. गुलाबाईत (कोणी भुलाबाई म्हणतात) पोरी घरोघरी जातातच ना, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, गाणी म्हणतात, डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखतात. पण आज कोणाच्या घरी जायचं हे माहीत असतं, त्या घरची बाई वाट बघत असते, खाऊ झाकून तयार असतो. न सांगता कोणाच्या दारावर जाऊन धडाधड थापा मारायच्या असं तिथे नाही. हॅलोविनला पण हीच पद्धत ठेवा म्हणजे निम्मे वाद होणारच नाहीत.

विचारायचं कसं, तर साधारण आठवडाभर आधी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाका. असा काहीतरी:

"नमस्कार. ३१ तारखेला संध्याकाळी साडेपाच ते साडेसात कॉलनीतली लेकरं हॅलोविनचे कपडे घालून फिरणार आहेत, सोबत मोठी माणसं असतील. ज्यांना लेकरं घरी आलेली चालतील त्यांनी गेटला नारिंगी रिबिन बांधा, रिबिन आमच्याकडून मिळेल. रिबिन नसेल त्या घरी कोणी जाणार नाही आणि का नाही बांधली असं कोणी विचारणार पण नाही. काही अडचण असेल तर मला फोन करा."

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते काढू नका. लोकांना तोंडावर नाही म्हणायला अवघड जातं, शेजारधर्म असतो, मग मनात नसताना हो म्हणतात आणि नंतर चिडतात. म्हणून नाही म्हणायची गरजच पडू नये अशी व्यवस्था हवी, ज्याने काही केलं नाही तो आपोआप बाहेर. ग्रुपवर निळी टिक आली म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. आणि कॉलनीत जे आबा-आजी व्हॉट्सॲप बघत नाहीत त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगा, लेकरांना सोबत न्या, कॉस्च्युमचा मुखवटा पण दाखवा, म्हणजे त्या दिवशी अंधारात अचानक दिसला तर "अरे हा तर आपल्या वहिनींचा बारक्या" असं त्यांना ओळखता येईल.

कोणती घरं आपणहून सोडायची

भुसावळवाल्यांना हे पटकन समजेल. तिथे घराघरात रेल्वेचा माणूस, लोको पायलट, गार्ड, रनिंग स्टाफ, ज्यांना रात्री कधीही कॉल येतो आणि त्याआधी झोप घ्यावीच लागते. असा माणूस संध्याकाळी सहाला झोपलेला असतो आणि रात्री अकराला गाडी घेऊन निघणार असतो, त्याची झोप बेल वाजवून मोडली तर त्याची चिडचिड ही लहान गोष्ट आहे, मागे गाडीत किती लोक बसलेले असतात त्याचा विचार करा. तसंच दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या फॅक्टरीत, दवाखान्यात शिफ्ट करणारे. अशा घरांपुढे ओरडत जायचं पण नाही, नुसती बेल टाळून उपयोग नाही.

घरात सुतक असेल तर त्या घरापुढे सांगाड्याचा मुखवटा घालून उभं राहू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं, कारण दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना माहीत नसतं. म्हणून निघायच्या आधी ज्या मोठ्या माणसाला कॉलनीची सगळी खबर असते (प्रत्येक कॉलनीत एक काकू असतातच) त्यांना विचारून घ्या. बाळंतीण असेल तिथे नको. हार्टचा, बीपीचा पेशंट, नुकतं ऑपरेशन झालेलं, तिथे नको. ज्या आजोबांना विसर पडायला लागलाय, ओळखी पटत नाहीत, त्यांना मुखवटा हा मुखवटा आहे हे कळत नाही, ते खरंच घाबरतात आणि रात्रभर झोपत नाहीत, मग घरच्यांचे हाल. मोकळा कुत्रा असलेलं घर पण सोडा, कुत्र्याला रोजची ओळखीची पोरं मुखवट्यात कळत नाहीत आणि तो अंगावर येतो.

ख्रिश्चन शेजारी असतील, नवापूर-नंदुरबारकडे तर बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी १ आणि २ नोव्हेंबर हे प्रार्थनेचे आणि गेलेल्या माणसांना आठवायचे दिवस असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हॅलोविन आवडतही नाही, तर "तुमचाच सण ना" म्हणून त्यांच्या दारात जाऊ नका. कब्रस्तानात, स्मशानात फोटो काढायला तर अजिबात जायचं नाही, कोणाच्याही.

आपल्याकडे जे खेळात आणायचंच नाही

खोटी कवटी, कागदाची वटवाघळं, पांढरी चादर, इथपर्यंत ठीक. पण लिंबू-मिरची, हळद-कुंकू, काळी बाहुली, टाचण्या, हे डेकोरेशन म्हणून सुद्धा कोणाच्या गेटपाशी किंवा चौफुलीवर ठेवू नका. तिकडच्या लोकांना ते नुसतं डेकोरेशन वाटेल, आपल्याकडे तो उतारा दिसतो, आणि मग "आमच्या दारात कोणी करणी केली" वरून दोन घरांचं बोलणं कायमचं बंद होतं, याच्यावरून मारामाऱ्या झालेल्या आहेत. मी स्वतः यातलं काही मानत नाही, पण शेजारी मानत असेल तर त्याची रात्रीची झोप आपण का उडवायची.

आणि डाकीण. चेटकीण म्हणून उंच टोपी, झाडू, लांब नाक, ही परीकथेतली बाई, तिचं काही नाही. पण सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे, जीव पण गेलेत. म्हणून कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घराला "डाकिणीचं घर" म्हणणं, तिच्या दारात पैज लावून जाऊन पळून येणं, हे लेकरांनी केलं तर तिथल्या तिथे थांबवा आणि नुसतं रागवू नका, का ते समजावून सांगा, आठ-दहा वर्षांच्या पोरांना बरोबर समजतं. एखादी बाई जादूटोणा करते, करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्किल करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो तो. १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, त्यांचा काही दोष नव्हता. अशा अफवा अजून पण व्हॉट्सॲपवर मधूनमधून फिरतच असतात. आता विचार करा, तोंडावर मुखवटा घातलेला एक मोठा माणूस, हातात चॉकलेटची पिशवी, अनोळखी वस्तीत अंधारात लेकरांना बोलावतोय. तो तुमचा दादाच असेल हो, मनात काही नसेल, पण समोरच्याला ते माहीत नाही.

म्हणून मोठ्या माणसांनी तोंड झाकायचं नाही, हा नियम पक्का करा. चेहरा रंगवायचा असेल तर थोडासाच, ओळखू येईल इतपत. आपली कॉलनी सोडून दुसरीकडे जायचं नाही, शेजारच्या खेड्यात, झोपडपट्टीत, बसस्टँडवर तर नाहीच. अनोळखी लेकरांना खाऊ द्यायला पुढे जायचं नाही, ते पालकांसोबत आले तर द्या. रस्त्याच्या कडेला भूत बनून उभं राहून गाडीवाल्यांना घाबरवायचे जे प्रँक व्हिडिओ काढतात ना, ते कॉलेजच्या पोरांना स्पष्ट सांगून बंद करा. बेंगळुरूत २०१९ मध्ये असे सात जण पोलिसांनी धरले होते, आणि पोलिसांपर्यंत गेलं ते नशीबच म्हणायचं, घाबरून बाईकवाला घसरला किंवा लोकांनी दगड उचलले तर काय. खोटं रक्त लावून रस्त्यात पडून राहायचं नाही, खरी वाटणारी बंदूक-तलवार नको. कॉलनीचा वॉचमन असेल तर त्याला लेकरांची आणि सोबतच्या मोठ्यांची नावं सांगून ठेवा.

रस्ता आणि कपडे

लोकांना भीती असते की कोणीतरी चॉकलेटमध्ये काहीतरी घालून देईल. अमेरिकेत पण ही भीती पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून विष घालून मूल मारल्याचं पक्कं सिद्ध झालेलं प्रकरण तिथे शोधून सापडत नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा सायनाइडने गेला, ते पण त्याच्या स्वतःच्या बापानेच विम्याच्या पैशासाठी दिलं होतं. खरा धोका कशाचा आहे तर गाड्यांचा. तिथल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू आजूबाजूच्या दिवसांपेक्षा ४३ टक्के जास्त निघाले, आणि ४ ते ८ वर्षांच्या लेकरांत तर जवळपास दहापट. तिथे फुटपाथ आहेत तरी हे. आपल्याकडे कॉलनीच्या गल्लीत पण ट्रिपल सीट गाड्या काय वेगाने जातात ते माहीतच आहे.

ऑक्टोबर संपता संपता आपल्याकडे सहाच्या आतच दिवस मावळतो, साडेसहाला चांगला अंधार. त्यात भुताचे कपडे काळे, मग गाडीवाल्याला दिसणार काय. तर कॉस्च्युमच्या पाठीला, बाह्यांना चमकणारी पट्टी चिकटवा, गाड्यांना लावायची रेडियमची पट्टी ॲक्सेसरीजच्या दुकानात कुठेही मिळते. प्रत्येकाच्या हातात छोटी टॉर्च. मुखवटा घातला की बाजूचं दिसत नाही आणि ऐकायला पण कमी येतं, म्हणून चालताना मुखवटा डोक्यावर सरकवायचा, दारात पोचल्यावर खाली. त्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा. कपडे घोट्याच्या वर पाहिजेत, लोळणारा झगा पायात येतो. चपला-सँडल रोजच्याच.

हायवे ओलांडायचा नाही. जळगावात तर हायवे शहराच्या मधूनच जातो, पलीकडच्या कॉलनीत मित्र असेल तर आईवडिलांनी गाडीवर आणून सोडायचं, लेकरांच्या घोळक्याने रस्ता पार करायचा नाही. पाच-सहा लेकरांमागे एक मोठा माणूस, बारके असतील तर दोघा-तिघांमागे एक. पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा असं चालायचं. आणि मोठ्यांनी मोबाईलवर शूटिंग करत चालू नका, ते काम एकाला द्या, बाकीच्यांनी रस्त्याकडे बघा. लेकरांच्या हातावर पेनाने आईचा किंवा बाबांचा नंबर लिहून ठेवा.

नवीन कॉलन्यांत मोकळे प्लॉट, अर्धवट बांधकामं, उघड्या गटारी असतात. बाजूला कपाशी नाहीतर मक्याचं शेत. पावसाळा संपल्यावर गवत वाढलेलं असतं आणि साप, विंचू त्यातच असतात, घोणस तर कडेच्या पालापाचोळ्यात दिसत सुद्धा नाही. म्हणून लपाछपी, खजिना शोधायचे खेळ प्लॉटात नाही ठेवायचे, दिवसा जाऊन मार्ग बघून घ्या, सिमेंटच्या रस्त्यावरूनच जा. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काहीच नाही, पाय न हलवता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखान्यात. कुत्रा चावला, नुसतं खरचटलं तरी, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

आग

हा भाग खान्देशातल्या लोकांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा, कारण आपल्याकडे या दिवसांत घरात कापूस असतो. वेचणी चालू असते, कोणाच्या तरी शेतातून पिशवीभर कापूस आणला जातो आणि मग त्याचीच दाढी, त्याचंच कोळ्याचं जाळं, त्याचंच भुताचं अंग. फुकटात छान दिसतं खरं. पण मोकळा पिंजलेला कापूस ठिणगी लागल्या लागल्या भडकतो, पाणी आणायला वेळ मिळत नाही. कापूस वापरला तर त्या खोलीत, त्या ओसरीवर पणती, मेणबत्ती, उदबत्ती काहीच नको. बाजारचे तयार कॉस्च्युम बहुतेक पॉलिस्टरचे असतात, ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात. म्हणून आतून पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट आणि सुती पॅन्ट घालायला लावा. सगळे दिवे बॅटरीचे. आणि कॉस्च्युम अंगावर असताना फटाके नाही, फुलबाजी पण नाही, दिवाळीचे आणून ठेवलेले असतात आणि पोरांच्या हाताला लागतात, ते कपाटात कुलूप लावून ठेवा.

लेकरांकडून आधी एकदा करून घ्या: कपड्याला लागलं तर पळायचं नाही, जागेवर थांबायचं, तोंड हातांनी झाकून खाली पडायचं, लोळायचं. पळालं की हवा लागून आग वाढते. भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मोठं असेल, चेहऱ्यावर किंवा हातावर असेल तर दवाखाना.

लाईटच्या माळा लावताना एका एक्स्टेंशन बोर्डवर पाच गोष्टी जोडू नका, आणि वायर गेटच्या लोखंडाला गुंडाळू नका, लेकरं तेच गेट धरून उभी राहणार असतात.

गंगाफळ

भोपळा म्हणजे आपलं गंगाफळ, कोणी डांगर म्हणतात. कोरायचं काम मोठ्यांनीच करायचं, साल टणक असते आणि सुरी सटकली की सरळ हातात जाते. खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे फळ हलत नाही, छोटी दातेरी सुरी घ्या, स्वतःच्या अंगापासून लांब कापा. लेकरांनी स्केचपेनने तोंड काढायचं आणि आतला गर चमच्याने काढायचा, त्यांना तेवढ्यात पण मजा येते. गर टाकू नका, वरण-बट्टीसोबत गंगाफळाची भाजी होते, बिया धुवून वाळवून तव्यावर भाजा. कोरलेलं फळ आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत सडतं, चिलटं होतात, म्हणून आदल्या दिवशीच कोरा. खरं सांगायचं तर बारक्यांसाठी न कोरता नुसतं रंगवलेलं गंगाफळ सगळ्यात चांगलं. फक्त रंगवलेलं मग गायीपुढे टाकायचं नाही.

खाऊ

केळी. जळगाव जिल्ह्यात राहून याच्यापेक्षा चांगला खाऊ नाही, सालीवर काळ्या स्केचपेनने डोळे आणि तोंड काढलं की झालं भूत, स्वस्त, ताजं, आणि सोलूनच खायचं असल्यामुळे स्वच्छ. केळीच्या वेफर्सची छोटी पाकिटं पण चालतात. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं, जेलीचे कप देऊ नका, घशात अडकतात, आणि पळता पळता खाऊ देऊ नका. शेंगदाण्याचं जास्तच बघा, आपल्याकडे चटणीपासून चिक्कीपर्यंत सगळ्यात दाणे असतात आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याला एक तुकडा पुरतो. अमेरिकेत यासाठी काही घरं निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा बाहेर ठेवतात, म्हणजे या घरी खाण्याचं सोडून दुसरं काहीतरी मिळेल, पेन्सिल, स्टिकर, खोडरबर. आपण पण रिबिनीच्या शेजारी हिरवी रिबिन बांधू शकतो. घरी बनवलेलं द्यायचं असेल तर ओळखीच्या घरी आणि त्यात काय काय आहे ते सांगून. लेकरांनी सगळं घरी आणायचं, आईने बघितल्यावर खायचं, फाटलेलं पाकीट टाकून द्यायचं, तेवढं पुरे.

घशात अडकलं आणि लेकराला खोकता-बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरात थापा, नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, परत थापा, आणि तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही. दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधायचं नाही. हे नुसतं वाचून जमत नाही, ओळखीच्या डॉक्टरांना सांगून एकदा कॉलनीत दाखवून घ्या.

दोन-तीन वस्तू ज्या साध्या वाटतात पण नाहीत. चमकणाऱ्या अंगठ्या, शिंगं, दात यांच्यात बटणासारखा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत जळायला लागते, उलटी करवायची नाही, लगेच एक्स-रे होईल अशा दवाखान्यात जायचं, "पडेल शीतून" असं म्हणून थांबायचं नाही. धुरासाठी कोरडा बर्फ आणतात, तो उणे ७८ डिग्री असतो, हाताला लावला तर जखम होते, बंद खोलीत ठेवला तर श्वास कोंडतो, बाटलीत बंद केला तर बाटली फुटते, लेकरांच्या कार्यक्रमात नकोच. रंगीत लेन्स डॉक्टरांना न विचारता डोळ्यात घालायच्या नाहीत. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, खाज आली तर नाही लावायचा, ऑइल पेंट तर चेहऱ्याला नाहीच नाही.

आवाज आणि वेळ

साडेसातला फिरणं बंद. त्यानंतर कोणाच्या तरी गच्चीवर कार्यक्रम करा, पण स्पीकरचं तोंड आपल्या आतल्या बाजूला. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूचे १०० मीटर शांतता क्षेत्र. ५५ म्हणजे दोन माणसं साधं बोलतात त्याच्या आसपासच, डीजेचा तर विषयच सोडा. किंचाळ्यांचे रेकॉर्डिंग अजिबात वाजवू नका, एखादी खरी बाई ओरडत असेल तर कोणी धावून जाणार नाही.

खाऊ दिला नाही म्हणून खोडी काढायची, अंडी फेकायची, गाडीवर फेस मारायचा, हा तिकडचा जो भाग आहे तो आपल्याला लागत नाही, लेकरांना आधीच सांगा की आपल्यात ते नाही. एका दारात दोन मिनिटं, रांगेत, एकाने बेल वाजवायची, घेतलं की "थँक यू काकू" म्हणून पुढे. कुंपणावरून उडी नाही, कुंड्यांना हात नाही, रांगोळीवर पाय नाही.

खोटी जाळी झाडांवर, कंपाउंडच्या तारेवर लावू नका, चिमण्या-खारी त्यात अडकतात, लावलीच तर घराच्या आत. कागद-रॅपरसाठी प्रत्येक घोळक्यासोबत एक रिकामी पिशवी द्या, आणि १ तारखेला सकाळी घंटागाडी यायच्या आधी लेकरांनाच घेऊन गल्लीत एक चक्कर मारा, रिबिनी सोडून आणा, धुवून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतात. ज्यांनी रिबिन बांधली नव्हती त्यांना रस्त्यात भेटल्यावर नेहमीसारखंच बोला, तो विषयच काढू नका. ग्रुपवर एवढंच विचारा की कोणाला काही त्रास झाला का, आणि कोणी हो म्हटलं तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

फोन नंबर ग्रुपवर पिन करून ठेवा: ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस आणि कोणतीही इमर्जन्सी ११२, फायर ब्रिगेड १०१, लेकरू हरवलं किंवा लेकरांबद्दल काही असेल तर १०९८. आणि कॉलनीतल्या कोणाकडे चारचाकी आहे आणि ते त्या संध्याकाळी घरी असणार आहेत का, हे आधी विचारून त्यांचा नंबर पण यात टाका.